बेयाची आकड्यांची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. थांबा, हात लावण्याआधी सांगा, बोटं स्वच्छ आहेत ना? मागे कुणी डोकावत नाही ना? रागावू नका. माझा स्वभावच संशयी आहे, आणि त्याला कारण माझा जन्म.

ट्युनिसच्या जुन्या पेठेत, जैतुनाच्या तेलाचा वास मारणाऱ्या एका अरुंद गल्लीत, बेया नावाच्या बाईनं मला आपल्या हातांनी बनवलं. बेया तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ती निवृत्त झाली त्या वर्षी तिथले जुने छापील अर्ज रद्दीत निघाले, आणि ही बाई त्यांचा गठ्ठाच उचलून घरी घेऊन आली. एका बाजूला सरकारी शिक्का आणि खाली ठळक अक्षरांत ‘तक्रार अर्ज’, दुसरी बाजू कोरी. तिनं त्यांच्या घड्या घातल्या, आरीनं भोकं पाडली, दोऱ्याला मेण चोळून मला शिवलं आणि मैद्याच्या खळीनं जुन्या पिशवीचं चामडं वर चिकटवलं. आता तुम्हीच सांगा, जिच्या पोटात पहिल्या दिवसापासून दीडशे तक्रार अर्ज शिवलेत, तिचा स्वभाव गोड कुठून असणार?

बेयाला तीन नाद होते. सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचं, दुपारी वह्या शिवायच्या आणि मिळेल तो पदार्थ चाखायचा. खाण्याचा नाही हं, चाखण्याचा. कोपऱ्यावरचा अंडं भरून तळलेला ब्रीक असो नाहीतर कुणाच्या लग्नातला कुसकुस, ती एक घास तोंडात घेऊन डोळे मिटायची आणि घरी येऊन मला उघडायची. पण लिहायची काय? आकडे! सतरा, चार, नऊ, बावीस. खरं सांगते, मला पहिला संशय तिचाच आला. एवढं लपवायचं ते काय?

हळूहळू उलगडा झाला. आमच्या गल्लीची रीत अशी की कुणी काही खायला दिलं, तर ‘तुझ्या हातांना आरोग्य लाभो’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. मीठ जास्त झालं म्हणालात तर तीन पिढ्यांचं वैर. बेयाला खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगण्याची सोय नव्हती. म्हणून कोड्यांच्या सवयीनं तिनं प्रत्येक अक्षराला एक आकडा दिला आणि सगळी खरी मतं माझ्या पोटात उतरवली. ‘मांस कच्चं.’ ‘मिरचीचा हरिसा विकतचा, शपथ मात्र घरच्याची.’ बाप रे, काय काय वाचलंय मी!

सगळ्यात मोठं पान असायचं मौलिदचं. पैगंबरांच्या जन्माच्या त्या सकाळी आमच्याकडे घरोघरी असीदा रटरटत असते. पाइनचं बारीक काळं बी, ज्याला आम्ही झगूगू म्हणतो, ते धुवायचं, दळायचं, फडक्यातून गाळायचं आणि त्या काळ्या दुधात पीठ-साखर घालून हात मोडेपर्यंत ढवळायचं. वर पांढऱ्या सायीचा थर आणि बदाम-पिस्त्यांची नक्षी. मग वाडगे या घरातून त्या घरात जातात. ज्याच्या दारी वाडगा आला नाही तो गल्लीतून उठला म्हणायचा.

बेयाच्या दारी दर मौलिदला अकरा वाडगे यायचे, आणि माझ्यात पहिला नंबर कायम झुबैदाचा. झुबैदा समोरच राहायची, चाळीस वर्षांची मैत्रीण. तिच्या हाताला तोड नव्हती.

आणि मग एका वर्षी बेयानं लिहिलं, ‘झुबैदाच्या असीदेत साखर दोनदा पडलीय.’ पुढच्या वर्षी, ‘बी गाळायचंच विसरली, टरफलं दाताखाली आली.’ त्याच्या पुढच्या वर्षी बेयानं एक चमचा तोंडात घातला आणि मिटलेले डोळे खाडकन उघडले. मग तिनं अख्खा वाडगा संपवला आणि मला उघडलं. ‘साखरेऐवजी मीठ. सगळं खाल्लं, वाडगा तसाच राहिला तर तिला कळेल म्हणून. झुबैदाचं डोकं दगा देतंय. मुफीदाला सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात सांगते.’

मुफीदा म्हणजे झुबैदाची मुलगी. आईसोबत राहायची, शिवणकाम करायची. लहानपणी बेयाच्या मांडीवर बसून शब्दकोडी सोडवायला शिकलेली. तो ‘पुढचा आठवडा’ काही आला नाही. वर्ष गेलं.

आता घडलं ते ऐका. मौलिदला चार दिवस होते. बेया कोपऱ्यावरच्या मुंजी नावाच्या वाण्याच्या दुकानात झगूगू घ्यायला गेली. बी नीट निवडावं म्हणून तिनं मला गल्ल्यावर ठेवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मुंजी म्हणजे गल्लीची आकाशवाणी. त्यानं एका बोटानं माझं पान उलटलं. एका बाजूला सरकारी शिक्का, दुसऱ्या बाजूला आकडेच आकडे.

“बेयाबाई,” तो बीचं माप भरत म्हणाला, “तुमची पेन्शन वेळेवर येते ना?”

“येते की. का हो, मुंजीभाऊ?”

“काही नाही. काहींना वरूनही येतं म्हणतात.”

त्या काळी आमच्याकडे हे एवढं पुरे होतं. भिंतींना कान होते आणि प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस चौकीवर कागद नेऊन देतो अशी सगळ्यांची खात्री होती. फक्त तो माणूस कोण, एवढंच कुणाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं! तीस वर्षं लोकांचे फोन जोडणारी बाई, सरकारी कागद आणि आकड्यांची भाषा. संध्याकाळपर्यंत राईचा पर्वत झाला. बायका बेया दिसली की बोलणं तोडायच्या. एकीनं तर तिच्यासमोर वाळत घातलेले कपडेसुद्धा काढून घेतले. कपड्यांत काय गुपित असतं, देव जाणे.

सगळ्यात वाईट लागलं ते झुबैदाच्या मनाला. तिचा नवरा अझूझ आता हयात नव्हता, पण कधीकाळी त्यानं फोनवरून भावाला एक विनोद सांगितला होता. कुणावर, ते मी सांगणार नाही. आठवड्यात त्याला चौकीवर बोलावणं आलं आणि महिन्याभरात नोकरी गेली. तो फोन ऐकला कुणी, हे कधी कळलं नाही; झुबैदाच्या मनात तो संशय वर्षानुवर्षं खुपत होता, पण बेयाला तिनं कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी झुबैदानं भर गल्लीत बेयाला गाठलं. “माझी चाळणी चोरलीस ती चोरलीस. अझूझचा फोनही तूच ऐकलास ना?”

“अगं झुबैदा, काय बोलतेस? तुझी चाळणी घेऊन मी काय करू?”

“मग या वहीत काय आहे? चाळीस वर्षं माझ्या घरी बसून खाल्लंस आणि घरी जाऊन लिहिलंस! वाच. आत्ता, इथं, मोठ्यानं वाच!”

दारादारांतून माणसं बाहेर आली. मुफीदा आईचा दंड धरून उभी होती. “वाच ना, मावशी,” ती म्हणाली. “काही नसेल तर वाचून टाक.”

बेयानं मला उघडलं. मित्रांनो, एवढंच करायचं होतं हो! दोन ओळी वाचल्या असत्या की गल्ली हसली असती आणि सगळं मिटलं असतं. पण उघडलं ते नेमकं शेवटचं मौलिदचं पान. पहिलीच ओळ झुबैदाची. मधलंच काही वाचलं असतं तर मुंजी म्हणाला असता, वरची ओळ का सोडलीत? सगळं वाचावं, तर भर गल्लीत मैत्रिणीचं डोकं फिरत चाललंय असं जाहीर करायचं. बेयाच्या अंगठ्याला घाम सुटला, तो डाग माझ्या चामड्यावर अजून आहे. तिनं मला मिटलं.

“नाही वाचता येणार,” ती म्हणाली.

“बघा!” मुंजी म्हणाला. “मी काय सांगत होतो?”

मौलिदची सकाळ उजाडली. बेयानं असीदा केली, अकरा वाडगे भरले, नक्षी काढली आणि दारोदार फिरली. सात दारं उघडलीच नाहीत. तीन उघडली ती ‘आमच्याकडे खूप झालीय’ म्हणायला. झुबैदानं वाडगा घेतला, वास घेतला आणि दार लावलं. बेयाच्या दारी दुपारपर्यंत एकही वाडगा आला नाही. तिनं आपलीच असीदा पुढ्यात घेतली, पण चमचा उचलला नाही. मग ती उठली, मला घेतलं आणि शेगडीवर धरलं. माझ्या चामड्याला धग लागली. मी काय केलं होतं? मला जे सांगितलं ते मी सांभाळलं, एवढाच माझा गुन्हा!

तेवढ्यात दार वाजलं. मुफीदा आली होती, आईनं तोंडही न लावलेला वाडगा परत द्यायला. बेयानं घाईनं मला बाजूला टाकलं आणि ओटा पुसायला फडकं आणायला गेली. मुफीदानं शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला शालीखाली सारून चालू लागली. चोर! मला वाटलंच होतं, या घरातलं कुणी भरवशाचं नाही.

तिच्या स्वयंपाकघरात, टेबलावर, पेन्सिल घेऊन ती बसली. तिला बापाचं नाव शोधायचं होतं. पण तिला कोडी सोडवायला शिकवणाऱ्या बाईचंच कोडं ते. दर मौलिदच्या पानावर वरती तेच ते पाच आकडे. “असीदा,” ती पुटपुटली. अरबीत लिहिताना या शब्दाची पाच अक्षरं होतात; ती हाती आली, बाकीची मागोमाग आली. पहिल्यांदा तिनं मुंजीबद्दलची ओळ सोडवली, ‘मुंजीनं यंदाही गेल्या वर्षीचं खवट बी विकलं,’ आणि ती फिसकन हसली. मग झुबैदाच्या तीन ओळी आल्या. तिची पेन्सिल थांबली.

मागे झुबैदा कपाटं उघडत होती. “चाळणी कुठं गेली गं? त्या बेयानंच नेली.” चाळणी मुफीदाला सकाळीच सापडली होती, चपलांच्या कपाटात. तिनं आईला सांगितलं नव्हतं. तिनंही बरंच काही पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

ती मला घेऊन परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

“मावशी, वर्षभर तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. मला वाटलं, मलाच चुकून खारट लागलं असेल.”

“त्या मुठीत माझी आई होती, मावशी!”

बेया रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. मग मुफीदानं विचारलं, “आईची ही तीन पानं घेऊ?” बेयानं स्वतः पट्टी लावून ती फाडून दिली. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? पण डॉक्टरांना दाखवायला ती पानं हवी होती. बाकीची मी मुफीदानं दुसऱ्या दिवशी मुंजीच्या दुकानासमोर मोठ्यानं वाचून दाखवली. कुणाचं मांस कच्चं, कुणाचा हरिसा विकतचा, आणि शेवटी मुंजीचं खवट बी. गल्ली पोट धरधरून हसली. मुंजीला सहा गिऱ्हाइकांना पैसे परत करावे लागले. त्या संध्याकाळी बेयाच्या दारी आदल्या दिवशीच्या शिळ्या असीदेचे दहा वाडगे आले. तिनं दहाही चाखले.

अकरावा आला नाही. मुफीदानं आईला परोपरीनं समजावलं, पण झुबैदाला पटेना. बेया दिसली की ती खिडकी लावून घ्यायची. अझूझचा फोन कुणी ऐकला ते अजून कुणाला माहीत नाही. माझा संशय मुंजीवर आहे, पण पुरावा नाही. बेया मात्र रोज समोरच्या बंद खिडकीकडे बघून ‘सुप्रभात’ म्हणायची.

पुढच्या मौलिदला दार वाजलं. मुफीदानं हात धरून आणलेली झुबैदा दारात उभी होती, हातात वाडगा घेऊन.

“तुम्ही इथंच राहता का?” तिनं विचारलं.

बेयानं दार सताड उघडलं. “हो. समोरच.”

“मग खाऊन बघा. ही मुलगी म्हणते, मीच केलीय.” मग ती जरा जवळ सरकली. “पण खरं सांगा हं. इथले लोक नुसते हातांना आरोग्य चिंततात, खरं कुणी बोलत नाही.”

बेयानं चाखलं. “साखर थोडी कमी आहे,” ती म्हणाली.

“मला वाटलंच!” झुबैदा खूश होऊन हसली. “तुम्ही भल्या बाई दिसता. कुठंतरी लिहून ठेवा बाई, माझ्या लक्षात राहत नाही.”

बेयानं मला उघडलं आणि तिच्या देखत लिहिलं.

मित्रांनो, वह्यांना धूळ लागू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी गोष्ट ऐका. माणसाबद्दल मनात काही खुपलं, काळजी असो की संशय, तर त्याच आठवड्यात त्याच्या दारी जा. पुढच्या आठवड्यावर टाकू नका. बेयानं टाकलं, मुफीदानं टाकलं, झुबैदानं तर वर्षानुवर्षं टाकलं. आता झुबैदाच्या मनात काडीचा संशय उरलेला नाही. ती दर मौलिदला वाडगा घेऊन येते, आणि दर मौलिदला बेयाला पहिल्यांदाच भेटते.