बांधाच्या फटी

मित्रांनो, मी एक जुना दगडी बांध आहे, आणि आज माझा आनंद पोटात मावत नाही! का ते सांगतो, जरा दम धरा.

डोंगराच्या उतारावर माती टिकत नाही. म्हणून सात घरांनी मिळून उतारावर पायऱ्यांसारखी शेतं केली आणि प्रत्येक शेताला माझ्यासारखा बांध रचला. ना चुना, ना चिखल, नुसता दगडावर दगड! फटींतून पाणी निघून जायचं आणि माती जागची हलायची नाही. काय रुबाब होता माझा! दरवर्षी सातही घरं वरपासून खालपर्यंत निसटलेले दगड बसवत.

मग एकेक घर डोंगर उतरलं. खाली शाळा होती, दवाखाना होता, कारखान्यात काम होतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. आजारी माणसाला पाठीवर घेऊन कितीदा उतरायचं? पण वरचा शेतकरी गेला की त्याचा बांध ढासळतो आणि दगड खालच्याच्या पिकात येतात. मग खालचाही कंटाळतो. शेवटी उरले फक्त माझ्या शेतातले भाऊ-बहीण.

दोघांनी किती दगड उचलायचे? भावाने शक्कल लढवली आणि माझ्या साऱ्या फटी सिमेंटने बुजवल्या. मीही असा मूर्ख, गुळगुळीत झालो म्हणून खूश! पावसाळ्यात आत पाणी कोंडलं, माझं पोट फुगलं आणि मी मधोमध फुटलो. निम्मं शेत दरीत गेलं. भाऊ मान खाली घालून डोंगर उतरून गेला. बहीण उरलेलं शेत कसत राहिली. आता पावसाला महिना आहे. तोवर मी उभा राहिलो नाही, तर तेही जाईल.

पण आज भावाची मुलगी पहार घेऊन आली आहे!

"आत्या, सिमेंट आणू?"

"खबरदार! फटी ठेवायच्या. आणि आधी वरचा बांध, मग हा."

"वरचा आपला कुठंय?"

"आपला नाही गं, पण पडतो आपल्यावरच ना!"

दोघी हसत वर चढणार, तोच मागून धापा टाकत भाऊ आला. कोणाकडेही न बघता तो माझ्यापाशी बसला आणि छिन्नीने दगडांवरचं सिमेंट खरवडू लागला.

"आलास?" बहीण म्हणाली. "मग पायाचे दगड तू बसव."

मित्रांनो, मला एकट्याला सांभाळून भागत नाही. माझ्या वरच्यालाही हात द्या. बघा, बघा, वरच्या बांधाचा पहिला दगड बसतोय!