तिसरीच्या वर्गाचे निबंध

लेकीच्या, जयूच्या दप्तरातून पाटीबरोबर दंतमंजनाचे डबे घरी यायला लागले, तेव्हा सुलभाला आधी कौतुकच वाटलं. मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झालं, त्याला अजून सहा महिनेही झाले नव्हते. अनुदानाच्या फायली भोपाळला निघाल्या त्या वाटेतच कुठेतरी अडकल्या आणि उज्जैनच्या फ्रीगंज वस्तीमागच्या त्या छोट्या मराठी शाळेचं छप्पर फुटकंच राहिलं. शेवटी हेडमास्तर सुधाकररावांनी एका मंजनाच्या कंपनीशी बोलणं केलं. मुलांनी घरोघर डबे विकायचे, कंपनीने छपराला पत्रे द्यायचे. जो जास्त डबे खपवेल त्याचं नाव फळ्यावर, रंगीत खडूने!

तिसरीतल्या जयूचं नाव वर यावं म्हणून सुलभाने चैत्रगौरीचं हळदीकुंकू हाताशी धरलं. आंब्याची डाळ आणि पन्ह्याशेजारी तिने डबे मांडले. कुंकू लावून घेतलेली बाई नाही कसं म्हणणार? सगळे डबे संपले. शेजारच्या माणिकनेही एक नेला, हसत हसत.

तीच माणिक आठ दिवसांनी दारात येऊन उभी राहिली. ये म्हटलं तरी उंबरठा ओलांडेना.

"सुलभा, हळदीकुंकवाला बोलावून डबा गळ्यात मारलास, ते मी हसण्यावारी नेलं. पण आमच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, पण मी काय केलं?"

"कंपनीचा माणूस आला होता दुपारी. म्हणतो, 'बहनजी, आपकी सासजी दाढ़ के दर्द से रोती हैं ना? और भाईसाहब की तो नौकरी छूट गई है। हमारे डिब्बे बेचें, घर बैठे कमाई!' आणि हे यांच्यासमोर! ताटावरून उठून गेले, अजून परत आले नाहीत." माणिकचा आवाज चिरकला. "ऑफिस भोपाळला गेलं, हंगामी माणसांना घरी बसवलं, त्यात हेही. साऱ्या उज्जैनमध्ये हे फक्त तुला ठाऊक होतं. सख्खी बहीण समजून सांगितलं होतं गं तुला!"

ती गेली. सुलभाने जयूला पुढ्यात उभं केलं.

"कुणाला सांगितलंस तू?"

"कुणालाच नाही," जयू घाबरून म्हणाली. "कुणाला सांगायचं नाही, असं माणिकमावशी म्हणाली होती ना. म्हणून मी फक्त निबंधात लिहिलं. 'आमचे शेजारी' असा विषय होता. सुधाकरसर म्हणाले, खरं खरं लिहा, चांगला निबंध बक्षिसाला पाठवू."

सुलभाचा हात उठला. तो मधेच धरला तिच्या सासऱ्यांनी, बापूंनी. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, आणि सुधाकररावही त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

"सूनबाई, मारायचं कुणाला ते आधी ठरव. हिने काय चूक केली? गुरुजींवर विश्वास ठेवला, एवढीच!"

सकाळी बापू आणि सुलभा शाळेत गेले. सुधाकरराव लगबगीने खुर्ची पुढे करू लागले, पण बापू उभेच राहिले.

"पोरांच्या निबंधांच्या वह्या कुठे आहेत, सुधाकर?"

"त्या... कंपनीच्या माणसाकडे आहेत, बापू. त्याला वस्तीची माहिती हवी होती. कुठल्या घरात काय लागतं, बस, एवढंच. मुलांनी लिहिलेलं होतंच. म्हटलं, त्यात काय बिघडतं?"

"तू वाचलेस ते निबंध?"

"वेळच कुठे मिळतो? भोपाळला अर्जांवर अर्ज चाललेत..."

"म्हणजे विषय तू दिलास, पोरं मन ओतून लिहीत बसली, आणि ते वाचलं कुणी? मंजनवाल्याने!"

सुधाकररावांनी मान खाली घातली, तरी हट्ट सोडला नाही. "बापू, तुम्हीच सांगा, छप्पर कोण देणार मला?"

"छप्पर नसलं तर झाडाखाली बसव. मी येतो शिकवायला. पण आपण लिहिलेलं गुरुजी विकतात, हे एकदा पोराला कळलं, की त्याला कुठल्या छपराखाली बसवशील?"

सुलभा पुढे झाली. ती म्हणाली, "सर, माझी मुलगी माझ्याहून तुमचा शब्द मोठा मानायची. तुम्ही तिला फसवलंत." आणि बोलता बोलता तिला पन्ह्याशेजारी मांडलेले डबे आठवले, बायांचे ओशाळलेले चेहरे आठवले. "आणि मी तरी वेगळं काय केलं! घरी मानाने बोलावलेल्या बायकांना मी गिऱ्हाईक केलं!"

सुधाकरराव तसेच निघाले. देवास गेटच्या धर्मशाळेत तो माणूस उतरला होता. तिथे जाऊन त्यांनी वह्या परत घेतल्या, उरलेले डबे त्याच्या हवाली केले आणि पत्र्यांवर पाणी सोडलं. मग माणिकच्या दारात जाऊन हात जोडले. तिचा नवरा परत येऊन ओसरीवरच बसला होता. त्याने "बसा" म्हटलं नाही.

सुलभाही घरोघर फिरली आणि डबे परत घेऊन आली. माणिकने आपला डबा तिच्या हातात ठेवला.

"जयूला पाठव नेहमीसारखी वेणी घालायला," ती म्हणाली. "तू मात्र इतक्यात येऊ नकोस."

सोमवारी वर्गात नवा विषय होता, 'आमचं घर'. सगळ्या माना वह्यांवर वाकल्या. जयू पेन्सिल धरून तशीच बसली होती.

"सर, हे कोण वाचणार?"

वह्यांवरच्या माना वर झाल्या. सुधाकररावांनी चष्मा काढला.

"मीच वाचणार, बाळ. आधीही मीच वाचायला हवं होतं. माझं चुकलं."

जयूने मान हलवली. पण त्या दिवशी तिची वही कोरीच राहिली.

आईबापांनो, गुरुजनांनो! राज्य नवं आहे, शाळा गरीब आहेत. पत्रे मागायला आपण थोरांनी दारोदार फिरावं, त्यात लाज कसली? पण पोरांना विक्रीला जुंपू नका, आणि त्यांच्या भोळ्या मायेवर कुणाला दुकान थाटू देऊ नका! गळकं छप्पर चार माणसं मिळून एका रविवारी दुरुस्त करतील. विटलेल्या मुलाचं मन पुन्हा जोडायला किती दिवस लागतील, ते मात्र कुणालाच सांगता येणार नाही.