भाऊबीजेला अडलेली फियाट

पनवेलजवळच्या नेरे गावच्या दाजींनी श्रावणात कवड्या आणि तांबडा ही बैलजोडी विकली आणि गणपतीच्या आधी एक जुनी फियाट दारात आणून उभी केली. तेव्हापासून त्यांची बायको कमळाबाई त्या गाडीला पाण्यात पाहत होती. तसा दाजींचा विचार काही चुकीचा नव्हता. अर्धी शेती मुंबईच्या एका शेटच्या फार्महाउसला गेली, उरलेल्या तुकड्याला भाड्याचा ट्रॅक्टर पुरेसा होता आणि बैल नुसते बसून खात होते. पण नेणाऱ्याने बैलांचं दावं हातात घेतलं तेव्हा कमळाबाई जी घरात गेली ती दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाही. गाडी आल्यापासून दोन महिने ती तिच्या सावलीलाही उभी राहिली नाही. पनवेलच्या बाजाराला जायचं तर एस्टीने, आणि एस्टी चुकली तर पायी. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेल्या माणसाने रोज सकाळी ती रिकामीच गावातून फिरवून आणायची, यात कसलं आलंय सुख? दाजी मनातून झुरत होते.

आणि भाऊबीजेच्या सकाळी कमळाबाई ओवाळणीचं ताट आणि करंज्यांची टोपली घेऊन आली, मागचं दार उघडलं आणि बसली. भाऊ आपट्याला, वाट पनवेलवरून. दाजींनी तिला काही विचारलं नाही, न जाणो, उतरली तर! गाडी मात्र त्यांनी अशी चालवली की टोपलीतली करंजीसुद्धा हलली नसेल.

पनवेलच्या एस्टी स्टँडपाशी येईतो गाडी दोनदा ठसकली. तिसऱ्यांदा ठसकली ती बंदच पडली. दाजींनी किल्ली फिरवली, इंजिन नुसतंच घरघरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. समोरच्या स्टँडवर आपट्याकडे जाणारी एस्टी उभी होती आणि कंडक्टर प्रवासी भरत होता. कमळाबाई आता त्या एस्टीत चढली की पुन्हा जन्मात या गाडीत बसायची नाही, हे त्यांना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. ती चढली नाही. मांडीवर ताट घेऊन पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसली.

सणाचा दिवस, गॅरेजं सगळी बंद. कोपऱ्यावरच्या कृष्णकांत इलेक्ट्रिशियनचं शटर तेवढं अर्धं वर होतं, कारण त्याची बहीण दुपारी कल्याणहून यायची होती आणि तोवर घरात बसून त्याला करमत नव्हतं. अभ्यंगस्नान केलेला, नवा शर्ट घातलेला तो माणूस बाह्या दुमडून गाडीपाशी आला. दाजींनी घाईघाईने सांगून टाकलं की बॅटरी गेली असणार, नवीच घाला. कृष्णकांतने हॉर्न वाजवला, दिवे लावून पाहिले. हॉर्न खणखणीत, दिवे लख्ख. बॅटरीला उगाच बदनाम करू नका काका, म्हणाला, घोडं भलतीकडेच पेंड खातंय.

त्याने बोनेट उघडलं. एका प्लगची तार उपसून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं आणि दाजींना किल्ली फिरवायला सांगितलं. ठिणगी नाही. दुसऱ्या प्लगची धरली. तिथेही नाही. मग ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलमधून येणारी जाड तार उपसून तशीच धरली, तर निळी ठिणगी चटचट उडाली. म्हणजे करंट कॉइलपर्यंत ठीक, प्लगला मात्र पोचत नव्हता, आणि दोहोंच्या मध्ये होता फक्त डिस्ट्रिब्यूटर, काळ्या टोपणाचा, चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा. कृष्णकांतने टोपणाच्या दोन्ही क्लिपा काढल्या, ते उलटं करून उन्हात धरलं. मग त्याने आत बोट फिरवून ते नाकाशी नेलं.

"काका, आत काय ओतलंत?"

दाजी भडकले. गाडीला मी कापडाशिवाय हात लावत नाही, मीच धुतो, मीच पुसतो, दुसऱ्या कुणाची छाती नाही तिला शिवायची. हे सगळं ते तावातावाने सांगत असताना टोपणातून मुंग्यांची रांग कृष्णकांतच्या मनगटावर चढत होती.

"मी पाजलं," मागून आवाज आला. "गुळाचं पानी. काल पाडवा हुता."

दोघेही वळले. कमळाबाईने ताट बाजूला ठेवलं होतं. पाडव्याला गोठ्यातल्या जनावरांना ओवाळतात, गोडधोड चारतात. दाजी देवळात गेले तेव्हा शेजारच्या पोराकडून तिने बोनेट उघडून घेतलं, गाडीला हळदकुंकू लावलं, आणि तोंड कुठे ते काही समजेना म्हणून जिथून सगळ्या तारा निघतात तिथे तांब्या रिकामा केला. एवढं सांगताना तिने एकदाही मान वर केली नाही.

कृष्णकांत हसला नाही, हे त्याचं मोठेपण. झिरपलेला पाक इंजिन तापल्यावर पाघळला, करंट त्यातून भलतीकडे पळाला, बाकी काही बिघडलेलं नाही, असं त्याने समजावलं. टोपण पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, आतले पितळी ठिपके पॉलिश पेपरने घासले, सगळं कोरडं करून पुन्हा बसवलं. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. दाजींचा जीव भांड्यात पडला. कृष्णकांत कमळाबाईला म्हणाला, काकी, पुढच्या वर्षी नैवेद्य चाकापाशी ठेवा, गाड्या तिथूनच खातात. मजुरीऐवजी त्याने दोन करंज्या घेतल्या.

गाडी आपट्याच्या रस्त्याला लागली. मग दाजींनी आरशातून मागे पाहिलं.

"मला वाटलं हुतं, तुला गाडी आवडत नाय."

"नाय आवडत," कमळाबाई म्हणाली. "पन आवडत नाय म्हनून घरच्याला सनाला उपाशी ठेवायचा काय?"