माझा तिसरा गिअर बसला

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. इतकी जुनी, की माझ्या काचा अजून हाताने फिरवून खाली कराव्या लागतात. मूळचा माझा रंग गर्द हिरवा. उन्हाने टप फिका पडला आहे आणि दारांवर कुत्र्यांच्या नखांचे ओरखडे आहेत. त्या ओरखड्यांची मला मुळीच लाज वाटत नाही. ते माझ्या नोकरीचे आहेत.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या गिअरचा दांडा चांगला लांबलचक होता. दुसऱ्यात जायचे तर हात पार मागे ओढावा लागे आणि तिसऱ्यात जायचे तर डॅशबोर्डला बोटे टेकतील इतका पुढे न्यावा लागे. तेव्हा कोणालाच त्याचे काही वाटत नसे. मग मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी घेतले. त्या जनावरांच्या डॉक्टर. माझ्या डिकीत दोरखंड, बादल्या, रबरी बूट आणि औषधांची पेटी. चिखलाच्या वाटा, दगडी चढ, ओढ्यातले पाणी, सगळीकडे मी त्यांना नेले. गोठ्यातली माणसे माझा आवाज लांबून ओळखत. "आली, डॉक्टरांची गाडी आली!" असे कोणी ओरडले की मला अगदी मूठभर मांस चढायचे.

एकदा आडवे आलेले वासरू ओढताना गाईने अंग झटकले आणि बाईंचा खांदा निखळला. नेमका गिअरकडचा. शस्त्रक्रिया झाली, हात गळ्यात आला आणि मी शेडमध्ये गेले. टायर बसले. टपावर धूळ साचली. कोणीतरी बॉनेटवर रिकाम्या कुंड्या आणून ठेवल्या. पूर्वी ज्यांना मी तातडीने हवी असे, त्यांना आता माझी आठवणही येत नव्हती.

खांदा बरा झाला, पण हात पुढे पूर्ण ताणता येईना. परवान्याच्या कचेरीने सांगितले, की स्वतःची गाडी चढावर चालवून दाखवा, मगच दुखापतीमुळे थांबवलेला परवाना परत मिळेल. बाई माझ्यात बसल्या, दांडा तिसऱ्याकडे ढकलू लागल्या आणि कळवळून थांबल्या.

बाईंचे यजमान खिडकीशी उभे होते. ते म्हणाले, "विकून टाकू हिला. आपोआप गिअर पडणारी घेऊ."

"आणि त्या डोंगरावरच्या वाटेवर ती नवी चढेल का?" बाई म्हणाल्या. "हिला ती वाट पाठ आहे."

शेवटी गॅरेजवाल्या काकांनी तोड सुचवली. माझ्यासाठी छोटा दांडा मिळतो म्हणे. वरून आखूड, खाली सांध्याच्या पलीकडे लांब. वर हात थोडासा हलला तरी खालचे टोक पुरेसे हलते. दांडा आला, काकांनी तो बसवला, आणि माझ्या पोटात एकदम खरखर सुरू झाली! तिसरा गिअर तर टाकला की ठक्‌ आवाज करून बाहेर उडी मारी.

काकांनी डोके खाजवले. "खोक्यावर तर लिहिलंय, बसेल म्हणून. आता एक तर तळाचा पत्रा कापू, नाहीतर जुना दांडा परत लावू."

"जुना लावलात तर माझी परीक्षा झालीच म्हणायची," बाई म्हणाल्या. "आणि पत्रा कुठे कापणार? कुठे अडतंय ते तरी ठाऊक आहे का?"

परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मला तर कापण्याचे नाव ऐकूनच कापरे भरले होते.

तेवढ्यात बाईंची धाकटी नणंद डबा घेऊन गॅरेजात आली. ती कवळ्या बनवते. दारातच तिने माझी खरखर ऐकली, मग ठक्‌ ऐकले आणि फिदीफिदी हसली.

"वहिनी, तुझ्या गाडीची कवळी नीट बसलेली नाही, एवढंच!"

"चेष्टा पुरे गं," बाई वैतागल्या.

"चेष्टा नाही. दात उंच लागत असला की आम्ही रंगीत कागद चावायला देतो. जिथे रंग उमटतो, तिथेच घासायचं. अख्खा दात कोणी उपटतं का?"

तिने कामाच्या पिशवीतून निळा रंग काढला आणि माझ्या दांड्याला गोल फासला. "आता घाल तिसरा." बाईंनी घातला. ठक्‌! काकांनी दिवा धरला. दांडा ज्या भोकातून वर येतो, त्याच्या पुढच्या काठावर निळा डाग उमटला होता, नखाएवढा! तिथेच आपटून दांडा पूर्ण पुढे जात नव्हता, म्हणून गिअर धड बसत नव्हता.

"एवढ्यासाठी मी पत्रा कापायला निघालो होतो!" काका म्हणाले आणि कानस घेऊन बसले. काय सांगू, कानशीच्या त्या गुदगुल्या! थोडे घासायचे, रंग फासायचे, पुन्हा बघायचे. डाग पुसट होत गेला आणि एका फेरीला उमटलाच नाही.

खरखर मात्र कायम होती. ती खालून येत होती आणि तिथे दिवा पोहोचत नव्हता. घोडे कुठे पेंड खाते आहे, तेच कळेना. मग बाईंनी इंजिन बंद करायला लावले, बाही वर सारली आणि चांगला हात भोकातून आत घातला. डोळे मिटले.

"वासरू कुठे अडलंय हे मी आयुष्यभर न बघताच सांगत आले," त्या पुटपुटल्या. "थांबा... हा दांड्याचा बोल्ट. हा त्याचा नट. आणि नटाच्या अगदी अंगाशी फिरणारा शाफ्ट. नट घासतोय, काका! नट या बाजूला आहे. बोल्ट उलटा घातला तर?"

"तर इकडे नुसती चपटी टोपी येईल!" काका आडवे होऊन माझ्याखाली घुसलेसुद्धा.

बोल्ट उलटा झाला. आणखी थोडी फट राहावी म्हणून सांध्याखाली एक वॉशर घालून काकांनी दांडा किंचित उचलला. उचलला तर वर भोकाच्या बाजूला पुन्हा निळा डाग! "आलं का परत!" म्हणत सगळे हसले आणि पुन्हा कानस चालली. शेवटी नणंदेने कवळीचे मऊ मेण टोपी आणि शाफ्ट यांच्यामध्ये ठेवून शाफ्ट हाताने फिरवायला लावला. मेण अख्खेच्या अख्खे बाहेर आले. कुठे ओरखडासुद्धा नाही.

बाईंनी चावी फिरवली. पहिला. दुसरा. मनगट जरासे पुढे केले आणि तिसरा असा बसला, जसे लोण्यात बोट. ना खरखर, ना ठक्‌. मग काकांनी माझ्या टपावर अशी थाप मारली, की इतक्या दिवसांची धूळ उडाली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक माझ्यात बसले. कपाळावर आठी. "या चढावर गिअर निसटला, तर परवाना मिळणार नाही," त्यांनी आधीच बजावले.

चढ उभा होता. बाईंनी दुसऱ्यात वेग घेतला आणि तिसरा टाकला. मित्रांनो, मी दातओठ आवळून तो धरला! अर्ध्या चढावर परीक्षकांनी थांबायला सांगितले, पुन्हा निघायला सांगितले. पहिला, दुसरा, तिसरा. मी एकदाही मागे सरकले नाही. माथ्यावर पोहोचल्यावर परीक्षकांनी त्या आखूड दांड्यावर हात ठेवून तो स्वतः हलवून पाहिला.

"कोणी बसवला हा?"

"आम्ही तिघांनी," बाई म्हणाल्या.

"तरीच," ते म्हणाले आणि आठी मोडून हसले. सही तिथेच, माझ्या बॉनेटवर कागद ठेवून झाली. उतारावरून येताना बाईंनी विनाकारण हॉर्न वाजवला. मीही घसा मोकळा करून साथ दिली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी सायकल असेल, शिवणयंत्र असेल. नवा भाग बसवल्यावर ते कुरकुरले, तर लगेच मोडीत काढू नका, हातोडाही उचलू नका. कुठे घासते आहे ते आधी शोधा आणि तेवढेच घासा. आम्हाला हलायला थोडी जागा द्या. मग आम्ही किती वर्षे साथ देतो ते पाहा!

बरे, आता मला निघायला हवे. वरच्या पागेत एक घोडी अडली आहे आणि बाई बूट हातात घेऊन माझ्याकडे धावत येत आहेत.