सातवा संघ आणि मी

शहाद्याच्या बास्केटबॉल मैदानाला लागून पत्र्याच्या छपराचा एक हॉल आहे. त्याची मैदानाकडची बाजू उघडी आहे आणि समोरच्या भिंतीवर एक काळा लाकडी गुणफलक टांगलेला आहे. तो मी. मित्रांनो, माझं वय पंधरा वर्षं. गुणफलकाच्या हिशोबाने हे म्हातारपणच समजा. माझी एक फळी उन्हाने वाकली आहे आणि डाव्या कोपऱ्यात वाळवीने नक्षी काढली आहे. पण मी माझी कहाणी सांगायला बसलो ते त्यासाठी नाही. गेल्या वर्षभरात माझ्यासमोर जे घडलं, त्याने माझा गोंधळ उडाला आहे. तो तुम्हाला सांगावा, म्हणजे कदाचित मलाच तो थोडा उलगडेल.

मी जन्मलो शाळेच्या मोडक्या बाकांतून. एका सुताराने त्या सागवानी फळ्या रंधून एकमेकींना जोडल्या आणि नवलभाऊ पेंटरने मला काळा रंग दिला. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात मुलींची बास्केटबॉल लीग सुरू झाली होती. खेळाडूंना हंगामाचं मानधन मिळायचं, म्हणून लोक तिला ‘पगारी लीग’ म्हणत. संघ सहा होते. शहादा, नंदुरबार, तळोदा, नवापूर, सारंगखेडा आणि प्रकाशा. नवलभाऊंनी माझ्यावर सहा सारख्या ओळी आखल्या आणि पांढऱ्या रंगाने ही सहा नावं लिहिली. प्रत्येक नावापुढे आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या अडकवायला खिळे ठोकले. तळाशी जेमतेम दोन बोटं जागा उरली. ती का उरली, ते कोणी विचारलं नाही.

सगळे सामने याच मैदानावर व्हायचे. शनिवार-रविवारचे खेळ संपले की नवलभाऊ स्टुलावर चढून माझे आकडे बदलत आणि खाली गर्दी जमे. कोण वर गेलं, कोण खाली आलं, हे आधी मला कळायचं आणि मग जिल्ह्याला. सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरला की दोन आठवडे लीगला सुट्टी असे. तेव्हाही लोक येता-जाता माझ्याकडे एक नजर टाकून जात. मला फार बरं वाटायचं. आपण सहा ओळींचे आहोत आणि जगात सहाच संघ आहेत, अशी माझी समजूत होती.

या सगळ्यात मला सर्वात जवळच्या वाटायच्या त्या शहाद्याच्या संघाच्या प्रशिक्षक, रंजनाबाई. मूळच्या कळसाडीच्या. चौतीस वर्षं शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात शिट्टी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मैदानावर त्या शाळेतली मराठी बोलत, पण मन हललं की घरची अहिराणी तोंडावर येई. त्यावरून मला त्यांच्या मनातलं ओळखू येऊ लागलं.

सात वर्षांपूर्वी त्यांनी एका शालेय स्पर्धेतून दामिनी वसावे नावाची मुलगी आणली. अक्कलकुव्याच्या पुढे डोंगरात तिचा पाडा. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि शहाद्यात तिचं कोणी नव्हतं. रंजनाबाईंनी तिला तीन वर्षं स्वतःच्या घरी ठेवलं. दामिनी खेळू लागल्यापासून शहाद्याचं नाव पहिल्या क्रमांकावरून फारसं हललंच नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता अक्कलकुव्याहून पितांबर सर आले. तिथल्या शाळेत शिकवतात. त्यांच्या हातात अर्ज होता आणि अर्जाला चौदा मुलींच्या नावांची यादी जोडली होती. अक्कलकुव्याला लीगमध्ये सातवा संघ म्हणून घ्यावं, अशी त्यांची विनंती होती. लीगच्या नियमाप्रमाणे नव्या संघाला प्रत्येक जुन्या संघातून एक खेळाडू मागता येत होती, आणि खेळाडूची तयारी असेल तर जुन्या संघाने अडवायचं नव्हतं. शहाद्यातून ते कोणाला मागणार, हे सांगायची गरज नव्हती.

समितीची बैठक माझ्याखालीच झाली. लीगचे अध्यक्ष अमृतलाल शेठ. त्यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानातूनच माझे खिळे आले होते. ते म्हणाले, “अरे भाई, दूध आहे तेवढंच आहे. त्यात पाणी घालत गेलो तर असा चहा पिणार कोण? जिल्ह्यात चांगल्या खेळणाऱ्या मुली साठ. सहा संघांत वाटल्या तर सामना रंगतो. सात-आठ संघांत वाटल्या तर एकतर्फी होईल, अन् लोक अर्ध्यात उठून जातील.”

मला ते पटलं. मी मनात म्हटलं, बरोबर आहे.

पितांबर सर उभे राहिले. “शेठजी, दूध तेवढंच आहे असं तुम्ही समजता. आमच्याकडे गायी आहेत, पण त्यांना कोणी गोठ्यातच घेत नाही. आमच्या मुली दहावीपर्यंत खेळतात. पुढे शहाद्याला यायचं म्हटलं की घरचे पाठवत नाहीत. दामिनी आली, पण दामिनीसारख्या किती राहिल्या ते कोणी मोजलं का?”

मला तेही पटलं. मित्रांनो, दोन्ही बाजू बरोबर असतील तर गुणफलकाने काय करायचं? माझ्याकडे विजयाचा रकाना आहे आणि पराभवाचा आहे. दोघांचं बरोबर असण्याचा रकानाच नाही.

मतं घेतली. नंदुरबार, तळोदा आणि नवापूरच्या प्रतिनिधींनी ‘हो’ म्हटलं. सारंगखेडा, प्रकाशा आणि स्वतः शेठ ‘नाही’ म्हणाले. उरल्या शहाद्याच्या रंजनाबाई. त्यांनी दोन दिवसांची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर सगळ्या मुली गेल्या आणि दामिनी बुटाच्या नाड्या सोडत माझ्याखाली बसली होती. रंजनाबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागल्या.

“तुले जानं शे का?” त्यांनी विचारलं. अहिराणी ऐकताच मला कळलं की बाईंचं मन ठिकाणावर नाही.

“बाई, मला माहीत नाही,” दामिनी म्हणाली. “तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर मला सुटल्यासारखं वाटेल. ‘हो’ म्हणालात तर रडू येईल. पण त्यांनी बोलावलं तर मी जाईन.”

“असं कसं गं? रडत जाशील, पण जाशील?”

“आमच्या पाड्याजवळ रुपा म्हणून पोरगी आहे. माझ्यापेक्षा उंच उडते. मागच्या सुट्टीत मी तिला विचारलं, येतेस का शहाद्याला? ती म्हणाली, तिथे माझं कोण आहे?  मला तर तुम्ही होतात.”

 रंजनाबाई उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि सहाही नावं वरपासून खालपर्यंत वाचली, जणू पहिल्यांदाच पाहत होत्या. “मन्हंच डोकं फिरी ऱ्हायनं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

बैठकीत त्यांनी ‘हो’ म्हटलं. आवाज मात्र एखादी वस्तू हातातून निसटावी तसा होता. अमृतलाल शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात.”

“असू शकतं,” रंजनाबाई म्हणाल्या. “मला खात्री नाही. नवलभाऊ, सातवं नाव लिहा.”

नवलभाऊ मला खालून वर न्याहाळत म्हणाले, “बाई, जागा शे कोठे?” मग त्यांना तळाची दोन बोटं जागा दिसली. तिथे त्यांनी खडूने बारीक अक्षरात लिहिलं, अक्कलकुवा. पाट्या अडकवायला खिळे मावले नाहीत. आकडेही खडूनेच.

हंगाम सुरू झाला आणि शेठ म्हणाले होते तसंच घडू लागलं. अक्कलकुवा पहिला सामना एकतीस गुणांनी हरलं, दुसरा सव्वीस. दामिनी एकटी धावायची आणि बाकीच्या मुलींना पास कधी येतो हेच कळायचं नाही. सात संघ झाल्यामुळे दर आठवड्याला एक संघ रिकामा बसे, त्याचीही कुरकुर होती. मध्यांतराला प्रेक्षक खरंच उठून जाऊ लागले. इकडे दामिनी नसलेला शहाद्याचा संघ पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर घसरला. हॉलमध्ये चहा पिताना लोक रंजनाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने बोलत. बाई ऐकत आणि मुलींना आणखी दोन फेऱ्या पळायला लावत.

पण त्याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट पाहिली. अक्कलकुव्याचा सामना असला की तिकडून दोन-तीन जीप भरून माणसं यायची. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायच्या. त्यांना नियम ठाऊक नव्हते, म्हणून चेंडू रिंगमध्ये पडला तरी टाळ्या आणि बाहेर गेला तरी टाळ्या. पंधरा वर्षांत मी त्यांतली एकही बाई या मैदानावर पाहिली नव्हती. म्हणजे प्रेक्षक वाढले की घटले? मला सांगता येईना.

एका सोमवारी सकाळी माझ्या तळाची ओळ पुसलेली होती. कोणी पुसली, ते अंधारात मलाही दिसलं नाही. ओल्या कापडाने नाव आणि शून्यं सगळं साफ केलं होतं. संध्याकाळी रंजनाबाई आल्या आणि त्यांना ती रिकामी जागा दिसली. त्यांनी कोणाला हाक मारली नाही. कमरेत वाकून, एक हात माझ्यावर टेकून, त्यांनी खडूने पुन्हा लिहिलं. अक्कलकुवा. सामने आठ, विजय शून्य, पराभव आठ. त्यांचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं, रेखीव. विरोधी संघाचं शून्य इतकं नीट गोल काढणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

शेवटचा सामना शहादा विरुद्ध अक्कलकुवा असाच आला. शहादा हरलं तर पहिल्या चारांतून बाहेर पडणार होतं. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अक्कलकुवा अकरा सामने हरून आलं होतं, पण त्या दिवशी त्या मुली चिकटून राहिल्या. शेवटचे आठ सेकंद उरले तेव्हा शहादा एकेचाळीस, अक्कलकुवा चाळीस. चेंडू दामिनीच्या हातात होता.

रंजनाबाईंनी शिकवल्याप्रमाणे शहाद्याच्या दोघी जणी तिच्या अंगावर गेल्या. दामिनीने उडी घेतली, सगळ्यांना वाटलं ती स्वतःच मारणार, आणि तिने चेंडू कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या, तिच्या पाड्याजवळच्या त्या रुपाला दिला. रुपा उडाली. खरंच फार उंच उडाली. चेंडू रिंगवर आपटला, काठावर एकदा फिरला आणि बाहेर पडला.

शहादा जिंकलं. शहाद्याच्या मुली ओरडत बाईंकडे धावल्या, पण बाई तिथे नव्हत्या. त्या थेट पलीकडच्या रिंगखाली गेल्या होत्या. रुपा गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. बाईंनी तिला उठवलं, तिचा उजवा हात धरला आणि कोपर आत वळवलं.

“हे बाहेर जातं तुझं. आत ठेव. परत मार.”

सामना संपला होता, लोक उभे होते आणि रुपा रडत रडत रिकाम्या रिंगवर शॉट मारत होती. तिसरा आत गेला. पायऱ्यांवरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. दामिनी बाजूला तोंडावर टॉवेल धरून उभी होती. ती हसत होती की रडत होती, ते टॉवेलमुळे कळलं नाही.

अमृतलाल शेठ पितांबर सरांजवळ सरकले. “मास्तर, अशा उडणाऱ्या अजून किती आहेत तुमच्या डोंगरात?”

“मोजल्या नाहीत, शेठजी.”

“तरी मी म्हणतो, घाई झाली,” शेठ म्हणाले. पण बराच वेळ ते त्या रिंगकडे पाहत उभे राहिले.

आता तुम्हाला वाटेल की यातून मला सगळं समजलं. नाही मित्रांनो, पुढचं ऐका. या महिन्यात धडगावचा अर्ज आला, आठव्या संघासाठी. बैठक पुन्हा माझ्याखाली भरली. अमृतलाल शेठ म्हणाले, “घेऊन टाका. आठ झाले की कोणी रिकामं बसणार नाही.” आणि रंजनाबाई म्हणाल्या, “नको. एक वर्ष थांबा. अक्कलकुव्याच्या मुलींना आधी पायावर उभं राहू द्या. हरून हरून पोरी खेळ सोडतील.” गेल्या वर्षी जो नको म्हणत होता तो आता हो म्हणतो आहे, आणि जिने हो म्हटलं ती नको म्हणते आहे. आणि मला पुन्हा दोघांचंही पटतं आहे.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं. अक्कलकुव्याचं नाव यंदा खडूने लिहायचं नाही. म्हणून परवा नवलभाऊंनी माझे सगळे खिळे उपटले, पंधरा वर्षांची पांढरी नावं खरवडून काढली आणि मला वरपासून खालपर्यंत नवा काळा रंग दिला. मग ब्रश हातात धरून त्यांनी विचारलं, “ओळी सात आखू का आठ?”

“आठ,” शेठ म्हणाले.

“सात,” बाई म्हणाल्या.

नवलभाऊंनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला आणि ते घरी गेले.

तेव्हापासून मी असा आहे. माझ्यावर एकही नाव नाही, एकही ओळ नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोण वर आहे आणि कोण खाली, ते मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या खेळात कोणी नवं आलं तर घ्यावं की थांबवावं, हे मी सांगू शकत नाही. मला तेवढं कळत असतं तर मी फलक झालो नसतो. माझं एकच मागणं आहे. या आठवड्यात हॉलमध्ये आलात तर माझ्यापासून थोडं लांब उभे राहा आणि धूळ उडवू नका. रंग अजून ओला आहे.