नरकाच्या भिंतीवर आमचा धाकटा

चर्चच्या आत, मागच्या भिंतीवर काढलेला नरक पुन्हा रंगवून द्यायचं काम मी घ्यायलाच नको होतं. पण दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बाईला एवढी मोठी भिंत कोण देतं? म्हणून हो म्हणून बसले. जुन्या रंगाचे पोपडे सुटले होते. पापी लोकांचे नाक-डोळे गळून पडले होते आणि ज्वाळा तेवढ्या शाबूत होत्या. ज्वाळांना काय धाड भरणार म्हणा.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला. आम्ही त्याला धाकटाच म्हणायचो. वायरमन होता. चर्चमधले दिवे, पंखे, माईक, सगळं त्यानंच जोडलेलं. पण प्रार्थनेला मात्र बसायचा नाही. "मला नाही पटत ताई, खोटं कशाला बोलू," एवढंच म्हणायचा. रक्ताचा आजार झाला. अगदी शेवटी फादर दवाखान्यात आले, तेव्हा त्यानं त्यांना बसा म्हटलं, माझ्याकडून चहा मागवला, आणि प्रार्थनेला नाही म्हणाला. तेव्हापासून आई दर रविवारी फादरांना गाठते आणि एकच विचारते, माझं पोरगं कुठे आहे? फादर मान खाली घालून सांगतात, "त्यानं स्वतःच निवडलं, बाई." मग आई घरी येते आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहते. वर्षभरात निम्मी झालीय.

बरं, फादर वाईट माणूस नाही. तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. आम्हा पाटीवाल्यांचा खाका असतो. जाड कागदावर चेहरा काढायचा, रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची. खाली ठिपके उमटतात, ते जोडले की चेहरा तयार. माझ्याकडे पुरुषाचा एकच खाका आहे, आणि तो धाकट्यावरून केलाय. शिकत होते तेव्हा माझ्यासमोर न हलता बसणारा घरात तोच एक होता. न्हाव्याच्या पाटीवर केस कापून घेणारा तोच, दातांच्या दवाखान्यावर दात विचकणारा तोच, मोटार शिकवणाऱ्यांच्या पाटीवर स्टिअरिंग धरलेला पण तोच. मिशी लावली, चष्मा चढवला की गिऱ्हाईकाला पत्ता लागत नाही. डावा कान तेवढा बाहेर आलेला, तो मी कधी दुरुस्त केला नाही. हाताला इतकी सवय झालीय की कुणाचं तोंड काढतेय हे मी बघतही नाही. त्या दिवशी ज्वाळांमध्ये एक जागा रिकामी दिसली. मी खाका लावला, थोपटला, रंग भरला आणि पुढच्या पाप्याकडे वळले.

दुपारी आई डबा घेऊन आली. डबा बाकावर ठेवला आणि भिंतीसमोर उभी राहिली ती राहिलीच.

"हा तर आपला आहे," ती म्हणाली.

मी बघितलं. कान, हनुवटी, सगळं तेच. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन धावले, तेवढ्यात फादर आत आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पुसू नका. कदाचित देवानंच तुमच्या हातून हे काढवून घेतलं असेल. बघणाऱ्याला धडा मिळेल."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "किती दिवस ठेवणार त्याला तिथं?" मी विचारलं.

"अनंतकाळ. तुम्हाला माहीत आहे ते."

"खुनी माणूससुद्धा कधी ना कधी तुरुंगातून सुटतो, फादर. यानं तर एक प्रार्थना नाही म्हटली."

"देव अनंत आहे. त्याचा अपमान अनंत, म्हणून शिक्षाही अनंत."

"आम्हा माणसांत उलटं असतं. जो थोर, त्यानं सोडून द्यायचं असतं. लहानसहान गोष्टी मनात धरून बसणाऱ्याला आम्ही थोर म्हणत नाही."

"देव कुणाला ढकलत नाही. त्यानं स्वतः निवडलं."

"तापानं फणफणलेलं पोर औषध थुंकतं, तेव्हा आई काय करते? पोरानं निवडलं म्हणून बाजूला जाऊन बसते? नाक दाबून पाजते, पुन्हा थुंकलं तर पुन्हा पाजते. हिला विचारा, हिनं पाजलंय. आमच्या अडाणी आईला जे जमतं ते तुमच्या देवाला जमू नये?"

फादरांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. आईनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि मला गप्प केलं.

"फादर, मी जाईन का स्वर्गात?"

"तुम्ही नाही जाणार तर कोण जाणार, बाई?"

"तिथून हा मला दिसेल?"

"तिथं दुःख नसतं. प्रभू सगळे अश्रू पुसून टाकतो. याची आठवण तुम्हाला तिथं छळणार नाही."

"म्हणजे मी याला विसरेन."

फादरांनी गळ्यातला क्रूस सरळ केला.

"मग तिथं जाईल ती बाई मी नव्हे," आई म्हणाली. "याला विसरून जी सुखानं बसेल ती दुसरीच कोणीतरी. तिला न्या खुशाल."

मग ती माझ्याकडे वळली. "माझा चेहरा काढ. याच्या शेजारी जागा आहे."

"बाई, असं बोलणंसुद्धा पाप आहे," फादर म्हणाले.

"मग याच्या शेजारी जायला अडचण कसली राहिली?"

फादर म्हणाले, उद्याच सगळी भिंत पांढरी करून घेईन. करा, मी म्हटलं, आज तर माझी आहे. आईनं पदर सारखा केला आणि बाकावर ताठ बसली. बाईचा खाका होता माझ्याकडे, तो मी घेतला नाही. तिच्याकडे बघत बघत हातानंच काढत गेले. इतकी वाळलीय हे मला तेव्हा कळलं. फादर दाराशी उभे होते, गेले नाहीत.

त्या भिंतीवरचे सगळे वर बघतात, दया मागत. आईचेही डोळे मी वर लावायला घेतले.

"वर नको," आई म्हणाली. "वर माझं काय काम आहे? मला त्याच्याकडे बघू दे."