विमान पार्ट टूचा शेवट

गारखेड्यात सुयशच्या हॉलमध्ये सोफ्याची जागा एका धुडानं अडवली होती. नव्वदच्या दशकातलं, कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं मशीन. खेळाचं नाव चांगलं लांबलचक इंग्रजी. पण पैठण गेटच्या गेम पार्लरमध्ये सगळे त्याला ‘विमान पार्ट टू’च म्हणायचे. एक अंतराळयान आणि पहिल्या भागाच्या दुप्पट शत्रू. पार्लर बंद पडल्यावर भंगारात निघालेलं ते मशीन सुयशनं हौसेनं घरी आणलं. लहानपणापासून खेळता खेळता चाळिशी आली, तरी खेळाचा शेवट काही दिसला नव्हता. सातव्या पातळीवरचा राक्षस दरवेळी त्याची राख करायचा.

रविवारी सकाळी टीव्ही दुरुस्तीवाला गोकुळ सांगून गेला, “पिक्चर ट्यूब संपली, भाऊ. तासभर चालली तर चालली. दुसरी आता कुठंच भेटत नाय.”

आज नाही, तर कधीच नाही. सुयश खेळायला बसला आणि अर्ध्या तासात तीनदा मेला.

“सरक,” मेथी निवडता निवडता आई म्हणाली.

आई, म्हणजे कडूबाई, त्या पार्लरमध्ये सहा वर्षं झाडलोट करायची, हे त्याला ठाऊक होतं. ती खेळायची, हे नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

“मालक म्हणायचा, उघडायच्या आधी मशीन चालवून बघ. ह्याचं गोळीचं बटण तवा मेलेलं व्हतं.”

तिनं डाव्या हातानं दांडा धरला. शहागंजच्या गर्दीतून भाजीची पिशवी सांभाळत जावं, तसं यान गोळ्यांमधून निघालं. एकही गोळी न झाडता ती सातव्या पातळीवर पोचली.

“मार ना, आई.”

“मारला की फुटतो. एकाचे चार व्हतात. सोडून दे, थकतोय आपोआप.”

राक्षसानं सगळा दारूगोळा ओकला, वळला आणि निघून गेला. आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

त्यानं डोकं धरलं. आईनं दांडा सोडला नाही.

“आवाज चालू हाये ना? आता नुसत्या चांदण्या. इथं डावीकडं घ्यावं लागतं, नायतर दगड लागतो.” त्यानं कधीच न ऐकलेलं संगीत सुरू झालं. “आता धरती दिसायली. बोराएवढी, निळी. मोठी व्हायली. उतरलं बघ यान.”

सुयश काळ्या काचेकडे बघत होता, आणि त्याला सगळं दिसत होतं.

“मग?”

“मग नाव विचारतं, तीन अक्षरं. तुझ्या वहीवर नावातलं पहिलं असायचं ना, तेवढंच मला वळखू यायचं. उजवीकडं अठरा वेळा. रोज तिथवर जायचे. पण बटण मेलेलं, नाव राहून जायचं.”

ती पुटपुटत मोजू लागली. अठराला दांडा थांबला. सुयशचा एस.

मग कडूबाईनं मेथीची काडी खाली ठेवली, हात पदराला पुसला आणि गोळीचं बटण तीनदा दाबलं.